बॅजरचं पोट काळं असतं

चिलखत घातलेले उंदीर, भाला रोखलेले कोल्हे, खांद्यावर कुऱ्हाड टाकलेले बॅजर: इंच-सव्वा इंच उंचीच्या अशा मूर्ती मी रंगवतो. ही दुनिया मुळात इंग्लंडमधल्या रानाची. तलवारबाज उंदरांची 'रेडवॉल' ही ब्रायन जेक्स यांची कादंबरी १९८६ साली आली आणि 'बरोज अँड बॅजर्स' हा टेबलावर मूर्ती मांडून खेळायचा खेळ २०१८ साली ऑस्प्रे प्रकाशनाने पुस्तकरूपात काढला. मी वाढलो डोंबिवलीत. बॅजर मी कधी पाहिलेला नव्हता, आणि रंगवण्याआधी तो नीट बघून घ्यावा हेही मला सुचलं नाही.

बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. त्याच सवयीने मी बॅजरच्या पोटाला छान साईचा रंग दिला. युरोपातल्या बॅजरचं नेमकं उलट असतं. पाठ राखाडी, पोट आणि पाय काळे, पांढऱ्या तोंडावर डोळ्यांवरून कानांपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे. तोंड मी बरोबर रंगवलं होतं, कारण चित्रांत तेवढंच ठळक दिसतं. कुऱ्हाडीच्या पात्यावर मात्र आठवडाभर बसलो होतो. लाल खारीच्या बाबतीतही तेच झालं. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे असतात, म्हणून तिलाही दिले. तिकडच्या लाल खारीला पट्टे नसतात, कानांवर केसांचे झुबके असतात. मूर्तिकाराने ते झुबके कोरलेले होते, तरी माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

डोळ्यांची चूक मला सगळ्यांत जास्त लागली. माणसांच्या मूर्ती रंगवण्याची पद्धत मी तशीच उचलली होती: आधी सगळा डोळा पांढरा, त्यावर काळा ठिपका. त्यामुळे माझे सगळे उंदीर भेदरलेले दिसायचे. हातात तलवार असलेला, घराच्या दारात उभा ठाकलेला उंदीर, आणि चेहऱ्यावर नुसती भीती! उंदराच्या डोळ्यात पांढरं दिसतच नाही. सबंध डोळा काळा करायचा, वर एका बाजूला सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा कण ठेवायचा आणि कडेला फिकट तपकिरी रंगाची बारीक रेघ ओढायची. एवढं केल्यावर तोच उंदीर धीट दिसू लागला.

केसांवरचा ड्रायब्रशही मी कितीतरी दिवस उलटा मारत होतो. ब्रश जवळजवळ कोरडा करून मांजराला गोंजारावं तसा केसांच्या दिशेने फिरवायचो. रंग खाचांत उतरायचा आणि सगळी लव सपाट व्हायची. ब्रश केसांना आडवा फिरवला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचा गडद राहतात आणि केस सुटे दिसतात.

बाकीच्या चुका साहित्याच्या. रेझिनच्या मूर्तीवर साच्यातला तेलकट थर राहतो. तो साबणाच्या पाण्याने न धुता प्रायमर मारला आणि कोल्ह्याच्या शेपटीवरून रंगाचे पापुद्रे निघाले. जुलैमध्ये गॅलरीत स्प्रे मारला, तर हवेतल्या दमटपणामुळे पृष्ठभाग खरखरीत झाला. पावसाळ्यात प्रायमर आता ब्रशनेच लावतो, दोन पातळ हातांत.

पाणमांजर मला अजून जमलेलं नाही. पाण्यातून वर आल्यावर त्याचे केस एकमेकांना चिकटून टोकं होतात आणि फक्त त्या टोकांवर चमक येते. मी सगळ्या अंगावर चकचकीत वार्निश लावलं, तर ते प्लॅस्टिकचं दिसायला लागलं. आता मॅट वार्निश मारून फक्त खांद्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी चमक ठेवून बघतोय. त्याच्या भाल्याला अजून हात लावलेला नाही.