लांकडांतलें चैत्रांगण

चैत्र उजाडला कीं आमच्या घरीं चैत्रांगण उमटावयाचें, हा क्रम आम्हांस कळूं लागल्यापासून कधीं चुकला नव्हता. अंगण गेलें, त्याच्या जागीं सदनिकेची गुळगुळीत फरशी आली. तरी गेरूनें रंगविलेल्या फळीवर आईची चिमूट चालतच राहिली. पाळण्यांतली गौरी, सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळशीवृंदावन, गोपद्में, लक्ष्मीचीं पावलें हें सारें ती अर्ध्या तासांत काढीत असे. गतवर्षीं मात्र तिचे गुडघे वांकेनासे झाले आणि बोटांस कंप सुटला. यंदा माघांत एके दिवशीं ती सहज म्हणाली, “बाजारांत तें छापील, चिकटवायचें मिळतें ना, तेंच आण आतां.” त्या सहजपणानेंच आमच्या मनास चटका लागला.

आमच्या एका स्नेह्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें यंत्र आहे. आईनें टेबलाशीं खुर्चीवर बसून एकदांच चैत्रांगण काढावें, तें सागवानी फळींत तीन मिलिमीटर खोल कोरून घ्यावें, आणि पुढें दरवर्षीं तिनें त्या खळग्यांत नुसती रांगोळी भरून वरून हात फिरवावा, असा बेत आम्हीं योजिला. आईस हंसूं आलें. पण ती बसली. अर्ध्या तासाचें काम चार दिवस चाललें.

चित्र यंत्राच्या हवालीं केलें म्हणजे झालें, अशी आमची समजूत होती. पहिल्याच भेटींत ती दूर झाली. यंत्राला चित्र दिसत नाहीं. त्यास केवळ सीमा कळते. एखाद्या बंद रेषेच्या आंतील जागा अमुक खोलीपर्यंत सपाट उकरावी, एवढेंच तें जाणतें. सपाट टोंकाचें बिट त्या जागेंत येरझारा घालतें आणि तळ सारखा करतें. छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांचा ढीग. त्यांतून सीमा काढून देणें हें काम माणसाचें.

तेव्हां प्रथम छायाचित्र नीट हवें. तें बरोबर वरून, कॅमेरा फळीशीं समांतर धरून घेतलें नाहीं, तर वर्तुळ अंड्यासारखें होतें. उजेड दोन्ही बाजूंनीं सारखा पडावा, नाहीं तर रांगोळीची सावलीच रेषा होऊन बसते. शेजारीं एक मोजपट्टी ठेविली म्हणजे पुढें खरें माप बसवितां येतें. मग चित्रांतील सर्व छटा काढून टाकून केवळ काळें आणि पांढरें ठेवावयाचें. जेथें रांगोळी तेथें काळें, जेथें गेरू तेथें पांढरें. त्यानंतर संगणकाकडून काळ्या भागांच्या कडा रेषांनीं आंखून घ्यावयाच्या.

येथेंच पहिली फजिती झाली. सूर्याचें वलय म्हणजे दोन वर्तुळें, एक बाहेरचें व एक आंतलें. उकरावयाची ती दोहोंमधली जागा. आमच्या हातून आंतलें वर्तुळ पुसलें गेलें होतें. रद्दी फळीवर चांचणी घेतली तों संपूर्ण सूर्यच खोलगट झाला. तो पाहून आई म्हणाली, “अरे, हा सूर्य कीं आमटीची वाटी?” तेव्हांपासून प्रत्येक आकृति मोठी करून, आंतली सीमा शाबूत आहे कीं नाहीं, हें पाहण्याचा नेम आम्हीं धरला.

दुसरी अडचण कडांची. रांगोळीचे कण विखुरतात. संगणकानें प्रत्येक कणाभोंवतीं इमानानें कड आंखली. कासवाच्या पाठीवरच शेंकडों ठिपके! ते पुसतां पुसतां आम्हांस रेषा गुळगुळीत करण्याची गोडी लागली. ज्या वक्ररेषांनीं हें साधतें, त्यांचा जन्म फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत झाला. १९५९ सालीं सिट्रोएनमध्यें पॉल द कास्तेलझो यांनीं व पुढील दशकांत रेनोमध्यें पिअर बेझिए यांनीं त्या घडविल्या. मोटारीचें अंग सफाईदार करणारी ती युक्ति आम्हीं आईच्या रेषेवर चालविली. कंप नाहींसा झाला. पावलांपैकीं एक जरा वांकडें होतें, म्हणून दुसऱ्याचीच आरशांतली प्रतिमा करून त्याच्या जागीं बसविली. कागदावर छापून तें मोठ्या अभिमानानें आईपुढें ठेविलें.

तिनें पावलांवरून बोट फिरविलें आणि विचारलें, “हीं कोणाचीं?”

“तुझींच कीं, आई.”

“माझें उजवें पाऊल थोडें आंत वळतें. माझ्या आईचेंही वळत असे. हीं दुकानांतलीं दिसतात.”

आम्हीं कांहींच बोललों नाहीं. बोलण्यासारखें होतें तरी काय? छापील चित्र नको म्हणून आरंभिलेल्या उद्योगांतून आम्हीं छापील चित्रच निर्माण केलें होतें!

मूळ छायाचित्रापासून सारें पुन्हा आरंभिलें. काय काढावें आणि काय ठेवावें, याचें माप शेवटीं यंत्रानेंच दिलें. बिट तीन मिलिमीटर व्यासाचें होतें. तें गोल फिरत असल्यानें आंतला कोपरा काटकोनी होत नाहीं. तेथें दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. तीन मिलिमीटरांहून अरुंद जागेंत तर तें शिरतच नाहीं. म्हणजे त्याहून बारीक असलेले कण आणि दांते हे कॅमेऱ्याचे व वाऱ्याचे. ते खुशाल पुसावे. त्याहून मोठा जो बांक, जी थरथर, ती हाताची. तीस स्पर्श करूं नये. नागाच्या शेपटीसारख्या फार बारीक ठिकाणीं मात्र आईस विचारून रेषा किंचित् जाड केली. खोली दोन फेऱ्यांत, प्रत्येकीं दीड मिलिमीटर घेतली. फळी मेजावर अगदीं सपाट बसविली, कारण ती एका बाजूस उंच राहती तर एकीकडे खळगा खोल आणि दुसरीकडे नुसता ओरखडा झाला असता.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसली. आई खुर्चीवर, फळी तिच्यापुढें टेबलावर. तिनें मूठभर रांगोळी पसरली, तळहात आडवा फिरविला आणि वरची रांगोळी बाजूस सारली. सागाच्या तांबूस अंगावर पांढरें चैत्रांगण एकदम उमटलें. उजवें पाऊल थोडें आंत वळलेलें. हळदीकुंकवास आलेल्या बायका डाळ-पन्हें घेत विचारूं लागल्या, “कोणीं काढलें हो?” आम्ही यंत्राची हकीगत सांगण्यास पुढें सरसावलों, तों आमची पत्नी हळूच म्हणाली, “सासूबाईंनीं.”

आईनें मग कांपऱ्या चिमटीनें, खळग्याबाहेर, कोऱ्या लांकडावर एक लहानसें गोपद्म काढलें. तें संध्याकाळीं पुसलें गेलें. दुसऱ्या दिवशीं तिनें पुन्हा काढलें, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत हा नेम तिनें मोडला नाहीं.