मोगलाई कुणाची?

धारवाडच्या आमच्या घरात मोगलाई वरचेवर लागायची. पोरांनी शेंगदाण्याचा डबा रिकामा केला, गड्याने न विचारता फणस उतरवला, की आजी गरजायची, "मोगलाई लागून गेलीय का इथं?" तो स्वयंपाकघरातलाच शब्द आहे अशी माझी समजूत होती.

त्याला भूगोलही आहे हे कळलं गदगला, मावशीआजीकडे. तिच्या लेखी मोगलाई म्हणजे गदग स्टेशन सोडून गाडी पूर्वेला गेली की लागणारा मुलूख. कोप्पळ, येलबुर्गा, रायचूर, सगळं निजामाचं. तिकडे नाणं निराळं, हाली सिक्का. जकातीचं नाव निराळं, करोडगिरी. १७२४ पासून दख्खनमध्ये पाय रोवलेला पहिला निजाम मोगल बादशहाचा सुभेदार, म्हणून पेशव्यांच्या कागदांतही तो 'मोगल'च. दिल्लीची मोगलाई १८५७ नंतर बुडाली, आमच्या शेजारची सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. शेवटच्या वर्षात रझाकारांच्या भीतीने लोक हद्द ओलांडून इकडे येत होते. मुंडरगी, गजेंद्रगड इथे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या. मावशीआजीच्या परसातल्या खोलीतही त्या पावसाळ्यात कोप्पळकडचं एक कुटुंब राहून गेलं. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. पण कितीही चिडली तरी शेंगदाण्यांसाठी तिने हा शब्द कधी वापरला नाही. आमच्या आजीचा मोकळेपणा सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या अंतरातून आलेला होता, असं आता वाटतं.

पुढे मी कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले आणि आणीबाणीच्या दिवसांत सोल्झेनित्सिनचं 'गुलाग आर्किपेलागो' इंग्रजीत हाती आलं. त्यातून रशियाच्या इतिहासाकडे वळले, तेव्हा एक शेपूट पुन्हा पुन्हा भेटू लागलं. माणसाच्या नावाला 'श्चिना' जोडायचं, की त्याच्या अमदानीचा जुलूम उभा राहतो. शेतकऱ्यांना सैनिकी वसाहतींत कोंबून त्यांच्याकडून कवायत करून घेणारा झारचा मंत्री अराकचेयेव, त्याची अराकचेयेवश्चिना. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव, त्याच्या नावाने १९३७-३८ ची येझोवश्चिना. इंग्रजी अनुवादक इथे अडखळतात. कुणी शब्द तसाच ठेवून खाली टीप देतात, कुणी सरळ 'टेरर' म्हणतात. रॉबर्ट काँक्वेस्टच्या १९६८ च्या पुस्तकामुळे तर त्या काळाला 'ग्रेट टेरर' हेच नाव पडलं. दहशत राहिली, माणूस गळाला.

मराठीला हे शेपूट परकं नाही. आपल्याकडे 'शाही' आहे, 'आई' आहे. ऑस्त्रोव्स्कीच्या नाटकांतला 'समोदूर', म्हणजे घरादाराला आपल्या लहरीवर नाचवणारा व्यापारी, इंग्रजीत 'पेटी टायरंट' होऊन केविलवाणा दिसतो. मराठीत त्याला अरेराव म्हणावं आणि पुढे चालावं. माझे एक चुलत आजोबा तर अनुवादाविनाच समोदूर होते.

पण यादी करायला बसले आणि थबकले. मोगलाई, सुलतानी, नादिरशाही, तुघलकी, हिटलरशाही. सगळी नावं परक्यांची. रशियन माणसाने शिव्या घडवल्या त्या आपल्याच मंत्र्याच्या, आपल्याच पोलिसप्रमुखाच्या नावाने. आपल्या घाशीराम कोतवालाला १७९१ मध्ये पुण्याच्या लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, पण त्याच्या नावाची 'शाही' काही रुळली नाही. पेशवाई म्हटलं की आमच्या घरात पंगत आणि पैठणी. ज्यांच्या पूर्वजांना त्या राज्यात सावलीसुद्धा सांभाळावी लागली, त्यांच्या घरात हाच शब्द जुलमाचा आहे. मोगलाईचंही नशीब पाहा, हुबळीत हॉटेलांच्या पाट्यांवर ती 'मुघलाई' होऊन तंदुरी कोंबडीशेजारी बसली आहे.

घाशीराम मेला त्याच वर्षी, एप्रिलात, धारवाडचा किल्ला पडला. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने, सोबतीला कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण घेऊन, टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमान खान याला सहा महिन्यांवर वेढून ठेवलं होतं. त्या पलटणीतल्या एडवर्ड मूरने १७९४ मध्ये या मोहिमेवर पुस्तकच छापलं. मराठी फौजेची हजारो घोडी इतके महिने इथे होती. त्यांची दाणावैरण पुण्याहून येत नव्हती.

या वेढ्यावर मी एकदा मराठीत टिपण लिहिलं होतं. त्याचं इंग्रजी करताना कॉलेजातले एक कन्नड सहकारी शेजारी बसले होते. 'मुलूखगिरी' या शब्दापाशी मी 'एक्स्पिडिशन' लिहिलं. हा शब्द मला लहानपणापासून प्रिय. त्यात घोड्यांच्या टापा आहेत, आणि आता तर आम्ही सहलीलाही तोच वापरतो. सरांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय करायचे? मी सांगितलं, दुसऱ्याच्या मुलखात फौज न्यायची, खंडणी वसूल करायची, न दिली तर गाव लुटायचं.

"अदु दाळी री, मॅडम," ते म्हणाले. म्हणजे धाड. आणि माझं पेन घेऊन त्यांनी 'एक्स्पिडिशन'वर काट मारून 'रेड' लिहिलं. मी म्हटलं, यात मोहिमेचा अर्थ सगळा जातो. ते म्हणाले, आमच्या बाजूने तो कधी नव्हताच. चहा येईपर्यंत आम्ही वाद घातला. टिपण छापलं गेलं तेव्हा तिथे 'रेड'च होतं, आणि कंसात, माझ्या हट्टाखातर, 'मुलूखगिरी'.