चिलिकेच्या म्हशी

ओडिशातील चिलिका सरोवराच्या काठी दिवस मावळला की म्हशी पाण्यात उतरतात, रात्रभर उथळ पाण्यातले गवत चरतात आणि सकाळी आपण होऊन घरी परततात. प्रथम याचे मला नवल वाटले. पण म्हशीची कातडी काळी, केस विरळ, घर्मग्रंथी गाईपेक्षा फारच थोड्या! शिवाय या दमट हवेत आलेला घामही वाळत नाही. मग अंग निवावे कसे? पाणी मात्र अंगातील उष्णता थेट ओढून घेते, आणि चरण्याचे श्रम ऊन टळल्यावर होतात. उन्हात तापलेली म्हैस धापा टाकते, चारा टाकते, दुधाला कमी पडते. आणि येथील गवळ्याची चूल त्या दुधावरच पेटते. म्हणून पहाटे तो काठावर म्हशी मोजीत उभा असतो.