फणस आधी, यादी मागाहून

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत विशेषणांच्या क्रमाची यादी असते: मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग. मुलं ती पाढ्यासारखी घोकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. कोकणातल्या फोंडाघाटात इंग्रजी शिकवणाऱ्याने या यादीपासून सुरुवात करूच नये, असं मला वाटतं. तिच्यामागचं तत्त्व मुलांच्या बोलण्यात आधीच असतं. इथलं पोर सहज 'मोठो पिकलेलो कापो फणस' म्हणतं. कापा की बरका ही फणसाची जात, ती बदलत नाही, म्हणून तो शब्द फणसाला चिकटून बसतो. पिकणं चार दिवसांचं. मोठेपणा तर शेजारी कोणता फणस ठेवला आहे यावर. 'मोठा जुना कौलारू घर' यातही कौलं घराजवळच राहतात. वस्तूच्या अंगचं ते नामाजवळ, बोलणाऱ्याच्या नजरेतलं ते लांब. इंग्रजीतही मत सर्वांत पुढे आणि पदार्थ, उपयोग नामाला लागून, ते याचमुळे. मनात ज्या गोष्टी एकत्र असतात त्या वाक्यातही जवळ येतात, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी १९३२ साली मांडला होता.

यावर कुणी म्हणेल, मराठीचा क्रम सैल आहे, 'कापो मोठो फणस'ही चालतो. चालतो, पण मोठ्या फणसांच्या राशीतून कापा निवडायचा असेल तेव्हाच. जोर देऊन इंग्रजीतही असा क्रम फिरवता येतो. 'बिग बॅड वुल्फ'चं काय? तिथे मत मागे पडतं, कारण 'झिगझॅग'सारखा 'इ'नंतर 'ॲ' हा स्वरांचा ठेका जिंकतो. तिथे माझं तत्त्व लंगडं पडतं, हे कबूल. इंग्रजी लेखक टॉल्किन यांनाही लहानपणी 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' लिहिल्यावर आईने क्रम सुधारून दिला होता, म्हणजे इंग्रज मुलालाही हे शिकावं लागतं, असाही आक्षेप येईल. पण आईने यादी दिली नव्हती, आणि असं का हे कोडं त्यांना मोठेपणीही सुटलं नव्हतं. आपल्या मुलांची खरी अडचण निराळी. मराठीत आपण विशेषणांची उतरंड क्वचितच रचतो. 'घर जुना, पण मोठा आसा' असं क्रियापदाकडे सरकवून मोकळे होतो. म्हणून सवय हवी ती तीन विशेषणं एका नामावर चढवण्याची. परीक्षेत क्रमच विचारतात, हे खरं. त्यासाठी यादी शेवटच्या तासाला द्यावी. तोवर मुलांनी बाजारातल्या वस्तूंवर विशेषणं रचून, त्यांची अदलाबदल करून, कुठे कानाला खटकतं ते पाहिलेलं असावं.