पेढी सोडून गेलेला पुत्र : सोलापूर ते वालचंदनगर

भवानी पेठेतील आमच्या दुकानाची गादी आजोबांपासून चालत आली आहे. गतवर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर धाकट्या चिरंजीवांनी शांतपणे सांगितले, “बाबा, मला गादीवर बसायचे नाही, यंत्रांचे काम करायचे आहे.” मी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी त्याला सोबत घेऊन वालचंदनगरला निघालो.

मोहोळ, टेंभुर्णी मागे पडली, भीमेचा पूल ओलांडला. इंदापूरहून निमगाव केतकीच्या बाजूने बारामतीचा रस्ता धरला, तशी दोन्ही अंगांना उसाची हिरवाई दिसू लागली. नीरेच्या डाव्या कालव्याचे हे देणे. परंतु केवळ पाण्याने गाव वसत नाही, त्यासाठी वसविणारा लागतो. कळंबच्या माळावर हे गाव वसविणारा पुरुष आपल्या सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला.

त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेले. घरचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. पिता शेठ हिराचंद नेमचंद यांनी पेढी सांभाळीत असतानाच ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केले आणि समाजाच्या हाती ज्ञानाचे साधन दिले. म्हणजे चाकोरीबाहेर पाऊल टाकण्याची रीत त्या घरात वालचंदांच्या आधीच आली होती.

वालचंदांचे मन पेढीत रमले नाही. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या मार्गाचे काम हे त्यांचे पहिले कंत्राट. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची पत आणि व्यापाऱ्याची दृष्टी होती. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. त्या सात मैलांनंतर बोरघाटातील बोगद्यांपर्यंत मजल गेली.

ज्या गावाला समुद्र दिसत नाही, तेथील हा पुत्र पुढे जहाजांच्या धंद्यात उतरला, हे नवल. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. त्यात त्यांचे एक सहकारी होते नरोत्तम मोरारजी, म्हणजे आपली ‘जुनी मिल’ उभारणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली, तरी वालचंद मागे हटले नाहीत. १९४१ साली विशाखापट्टणमला त्यांच्या गोदीची पायाभरणी झाली. तेथे बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

वालचंदनगरची कथाही अशीच. १९३२ साली देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले. त्या दशकात या माळावर साखर कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती कामगारांची घरे आली, शाळा आल्या, आणि गावाला संस्थापकाचे नाव मिळाले. पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री येथेच तयार होऊ लागली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही येथे घडले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे शेठजींचे देहावसान झाले.

कारखान्याबाहेरच्या रस्त्यावर आम्ही पितापुत्र बराच वेळ उभे होतो. मला उमगले ते असे : वालचंदांनी पेढी सोडली, पण पेढीचे संस्कार सोडले नाहीत. दिलेला शब्द, चोख हिशेब आणि माणसाची पारख ही शिदोरी घेऊनच ते बाहेर पडले. गादी म्हणजे बसण्याची जागा नव्हे, ती एक शिस्त आहे. ती शिस्त ज्याच्या अंगी आहे, तो माळावर गेला काय आणि समुद्रावर गेला काय, घराण्यापासून तुटत नाही.

परतीच्या वाटेवर मी चिरंजीवांना एवढेच विचारले, “तुझा फाटक कोण?” तो हसला नाही, विचारात पडला.

आज तो सकाळी माझ्याशेजारी गादीवर बसून हिशेब लिहितो आणि दुपारनंतर चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत काम शिकायला जातो. रात्री घरी येतो तेव्हा त्याचे हात तेलाने माखलेले असतात. ते पाहून पूर्वी माझ्या मनाला लागले असते. आता मीच उठून त्याला साबण देतो.