ओहोटी पाहून उतरणारे विमान

ग्लासगोच्या विमानतळावर समोरचे विमान पाहून भाची हसली. म्हणाली, "मामू, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी होडीच समजा ही!" १९ जागांचे विमान. बसल्या जागेवरून पायलटचे हात दिसत होते. शेजारी एक आजीबाई गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या होत्या. शहरातल्या डॉक्टरांना दाखवून त्या घरी चालल्या होत्या.

घर म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम समुद्रातले बॅरा बेट. तिथे डांबरी धावपट्टी नाही, विमान सरळ किनाऱ्याच्या वाळूवर उतरते. भरतीला ती वाळू पाण्याखाली जाते, म्हणून वेळापत्रक ओहोटी पाहून ठरवावे लागते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडकत असेल तर किनाऱ्यावर पाऊल टाकू नका, अशी पाटी आहे. एरवी त्याच वाळूत लोक शिंपल्या वेचतात. आमच्या कोकणातल्या बायका ही जागा बघून म्हणाल्या असत्या, विमान बाजूला घ्या, आधी तिसऱ्या काढू द्या!

ही सेवा चालवणारी लोगनएअर कंपनी १९६२ साली सुरू झाली. उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही तिची फेरी दोन मिनिटांत संपते. पर्यटक त्या फेरीचे प्रमाणपत्र मिरवतात, पण बेटावरच्या माणसांना ती आपल्या एस.टी.सारखी. आता, सारे पुण्य कंपनीच्या पदरात टाकू नये. बॅराच्या फेरीला स्कॉटलंड सरकारचा पैसा आहे, आणि दूरच्या अनेक बेटांच्या मार्गांवर रहिवाशांना मूळ भाड्यात निम्मी सूट मिळते, तीही सरकारी खर्चाने.

दोन दिवसांनी याच कंपनीच्या विमानाने लुईस बेटावरच्या स्टोर्नोवे गावी गेलो. पाट्यांवर इंग्रजीबरोबर गेलिक भाषा. इथले हॅरिस ट्वीड कापड बेटावरच्या विणकराने स्वतःच्या घरी, हातमागावरच विणले पाहिजे, असा १९९३ चा कायदाच आहे. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. पण विणकर बेटावर राहिला तर कापड राहणार, आणि आजारपणाला, लग्नाकार्याला जाता-येता आले तरच तो राहणार.

या जाण्या-येण्यावरून तंटाही झाला आहे. इथले प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती रविवार फार कडक पाळतात. २००२ च्या ऑक्टोबरात लोगनएअरचे पहिले रविवारचे विमान आले, तेव्हा काही धार्मिक मंडळी विमानतळावर निषेधाला उभी राहिली. मला त्यांचा राग आला नाही. जुम्याची अजान होताच दुकानाचे शटर खाली ओढणारे आमचे मरहूम अब्बा आठवले. मात्र ज्याची आई रविवारी ग्लासगोच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजते आहे, त्याने सोमवारपर्यंत थांबायचे का? याचे उत्तर त्या किनाऱ्यावर उभे राहूनही मला सोपे वाटले नाही.

याच गावात २०१८ च्या मे महिन्यात, रमजानच्या तोंडावर, मशीद उघडली. पश्चिम बेटांतली ही पहिलीच. गेल्या शतकात इथे आलेल्या कापडविक्रेत्यांची कुटुंबे तोवर घरीच नमाज पढत. त्यांची मुले गेलिकही बोलू लागली. मशिदीसाठी लोकवर्गणी झाली. विरोध करणारे होते, तसे पाठीशी उभे राहिलेले ख्रिस्ती शेजारीही पुष्कळ होते. त्या महिन्यात इथे सूर्य मावळेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होऊन जातात. रोजा किती लांब, हिशेब तुम्हीच करा.

जुम्याला गेलो तेव्हा साधी, बैठी इमारत, आणि सफेत मोजकीच माणसे. दुआनंतर मुसाफा करताना एक बुजुर्ग सारखे घड्याळ पाहत होते. लेक ग्लासगोला शिकते, दुपारच्या विमानाने येणार होती. बाहेर वारा वाढला होता. ते दारात थांबले, आभाळाकडे पाहिले, आणि घाईघाईने गाडीकडे निघाले.