एक सूर्य, दोन असर

कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्हीकडच्या सोयरिकी होतात, त्यामुळे आमच्यासारख्या घरांत असरच्या वेळाही दोन. माध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली तिच्याएवढी लांबली की शाफईंची असर सुरू. हनफींच्या प्रचलित मताप्रमाणे ती दुप्पट व्हावी लागते. अंगण तेच, सूर्यही तोच.

हल्ली काही तरुण 'खरी पद्धत एकच' म्हणतात आणि मोठ्याने आमीन म्हणणाऱ्या पाहुण्याला सफेतच सुनावतात. त्यांना आम्ही मदिनेच्या इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी सांगतो. अब्बासी खलिफाला त्यांचा 'मुवत्ता' साऱ्या मुलखाला लागू करायचा होता, असे सांगतात. इमामसाहेबांनीच नको म्हटले. सहाबा ठिकठिकाणी गेले, लोकांपर्यंत वेगवेगळ्या रिवायती पोचल्या, त्यांना त्यावर राहू द्या. आपल्याच किताबाला हुकमाचा दर्जा मिळत असताना! दुरून मसला विचारायला आलेल्यालाही ते 'मला माहीत नाही' असे सरळ सांगत. आम्हा मास्तरांना वर्गात हे वाक्य फार जड जाते.

नुकतेच नात्यातले एक स्थळ मुलीकडचे हात कुठे बांधतात यावरून मोडले. त्या बैठकीत मेहरचा विषय कोणी काढलाच नव्हता.